कथालेखनाचं पुस्तक हातात घेतल्यावर

कथालेखनाची मार्गदर्शक पुस्तकं वाचायला सोपी असतात आणि तिथेच घोटाळा होतो. दोन दिवसांत दोनशे पानं वाचून होतात, पानोपानी सगळं पटत जातं, पेन्सिलीने ओळीच्या ओळी अधोरेखित होतात. आणि कोरा कागद पुढे ओढला की त्यातलं काहीच हाताशी येत नाही. मग दुसरं पुस्तक आणलं जातं. तीन-चार पुस्तकांनंतर कथेविषयी बोलायला भरपूर असतं, पण दाखवायला एकही कथा नसते. यात पुस्तकांचा दोष थोडा आणि वाचण्याच्या पद्धतीचा जास्त आहे. गणिताचं पुस्तक आपण जसं वापरतो तसं हे पुस्तक वापरायचं असतं: उदाहरण पाहायचं, स्वतः एक सोडवायचं, अडलं तर मागे यायचं, मगच पान उलटायचं.

पुढचा क्रम साधारण सहा महिन्यांचा आहे. रोज पाऊण तास पुरतो, पण तो रोज हवा.

पुस्तक निवडताना

निवडताना दहा मिनिटं चाळा आणि चार गोष्टी बघा. आधी अनुक्रमणिका. तिच्यात उपकथानक, तीन अंक, मालिका, मध्यंतर असे शब्द दिसले तर ते पुस्तक कादंबरी किंवा पटकथेसाठी लिहिलेलं आहे, मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो. ते वाईट नसतं, पण नवख्या माणसाला त्यातून कथेपुरतं काय घ्यायचं हे निवडता येत नाही. दुसरं, प्रत्येक प्रकरणानंतर सराव दिलाय का. तिसरं, निदान दोन-तीन कथा संपूर्ण छापून त्यांच्यावर चर्चा केली आहे का. नुसते दोन-दोन ओळींचे उतारे देणारं पुस्तक वाक्य कसं लिहावं ते शिकवू शकेल, पण कथा उभी कशी राहते ते त्यातून कळत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मधलं कुठलंही पान उघडा आणि आज रात्रीच करून बघता येईल असं एक तरी वाक्य त्यावर आहे का ते शोधा. ‘पात्रं जिवंत असली पाहिजेत’ हे वाक्य खरं आहे, पण त्याचं करायचं काय? ‘पात्राच्या पिशवीतल्या पाच वस्तूंची यादी करा, त्यांतली एक वस्तू त्याची स्वतःची नसावी’ हे करता येतं. अशी वाक्यं ज्या पुस्तकात जास्त, ते तुमचं पहिलं पुस्तक.

पुस्तक एकच घ्या आणि त्याच्या जोडीला निरनिराळ्या लेखकांच्या कथांचा एक जाडजूड संग्रह. प्रमाण लक्षात ठेवा: एका मार्गदर्शक पुस्तकामागे किमान वीस कथा वाचून व्हायला हव्यात. हे प्रमाण उलटं झालं की लेखकाऐवजी परीक्षक तयार होतो.

वाचायचं कसं

एका वेळी एकच प्रकरण, फार तर पंधरा पानं. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि प्रकरणातला मुख्य नियम स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहा. वाक्य जमत नसेल तर प्रकरण कळलेलं नाही, पुन्हा वाचा. मग त्याच दिवशी त्या नियमावर तीनशे शब्दांचा तुकडा लिहा. कथा नको, तुकडाच. त्याला सुरुवात-शेवट नसला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं की नियम आठवतो, पण तो वापरून बघायची उत्सुकता ओसरलेली असते.

यासाठी एक वही वेगळी ठेवा आणि पानाचे तीन उभे भाग पाडा. पहिल्यात नियम. दुसऱ्यात, तो नियम कुठल्या छापील कथेत पाळलेला दिसला. तिसऱ्यात, तो कुठल्या चांगल्या कथेत मोडलेला दिसला आणि मोडून काय साधलं. तिसरा रकाना भरायला वेळ लागतो. महिनाभर तो रिकामाच दिसेल. पण खरं शिक्षण त्याच रकान्यात होतं, कारण नियम कशासाठी आहे हे तो मोडलेला पाहिल्यावरच समजतं.

एक नियम जवळून

जवळपास प्रत्येक पुस्तकात भेटणारा नियम म्हणजे ‘सांगू नका, दाखवा’. सगळ्यांत जास्त चुकीचा वापरला जाणाराही हाच. उदाहरण घेऊ. कच्च्या मसुद्यात असं लिहिलेलं असतं:

‘वडील गेल्यावर नंदाला फार एकटं वाटत होतं. ती अजून सावरली नव्हती.’

हे सांगणं झालं. आता नियम नुकताच वाचलेला माणूस ते दुरुस्त करतो:

‘नंदाच्या डोळ्यांत अश्रू तरळले. ओठ थरथरले. काळजात कालवाकालव झाली. ती खिडकीतून शून्यात बघत राहिली.’

शब्द वाढले, पण दिसलं काहीच नाही. तरळणारे अश्रू आणि थरथरणारे ओठ ही दुःखाची तयार लेबलं आहेत. ती कुठल्याही कथेतल्या कुठल्याही बाईला चिकटवता येतात. म्हणजे हेही सांगणंच झालं, फक्त लांबण लावून. आता तिसरा प्रयत्न:

‘नंदाने कपाट उघडलं. वरच्या खणात चष्म्याची तीन घरं होती. तिन्ही तिने उघडून बघितली. एका काचेवर बोटाचा ठसा होता. तिने तो ओढणीने पुसला, चष्म्याच्या काड्या मिटल्या आणि घर होतं तसं परत ठेवलं.’

इथे भावनेचं नाव कुठेच घेतलेलं नाही. पण जो चष्मा आता कुणीच लावणार नाही त्याची काच ती पुसते आणि बहुतेक वडिलांच्याच बोटाचा ठसा नकळत पुसून टाकते. वाचकाला जे कळायचं ते त्या निरुपयोगी कृतीतून कळतं. सरावासाठी यातून हाती लागणारी कसोटी अशी: भावनेचा शब्द काढा, शरीराची तयार लक्षणंही काढा, आणि पात्राला एखाद्या वस्तूशी काहीतरी करायला लावा. वस्तू या माणसाचीच असावी आणि कृती याच प्रसंगात घडण्यासारखी असावी. तोच उतारा नाव बदलून दुसऱ्या कथेत चपखल बसत असेल, तर तो अजून झालेला नाही.

आणि हेही लगेच लक्षात घ्या की सगळंच दाखवायचं नसतं. ‘पुढचे तीन महिने घरात कुणी मोठ्याने बोललं नाही’ हे सांगणंच आहे आणि ते उत्तम आहे. दोन हजार शब्दांच्या कथेत तीन ते पाच प्रसंग मावतात. त्यांच्यामधला काळ सांगूनच ओलांडावा लागतो. वाचकाने थांबून बघावं असं वाटतं तिथे दाखवा. जिथून त्याला फक्त पुढे न्यायचं आहे, तिथे एका वाक्यात सांगा आणि निघा.

नियम मुळात कशासाठी होता

पुस्तकांमध्ये वारंवार येणारे काही नियम मुळात कथेसाठी सांगितलेलेच नव्हते. हे कळलं की त्यांचं ओझं बरंच कमी होतं.

चढत जाऊन शिखर गाठणारा आणि मग उतरणारा कथानकाचा आलेख घ्या. तो जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग यांनी १८६३ साली नाट्यतंत्रावरच्या पुस्तकात मांडला, आणि त्यांच्यासमोर होती पाच अंकी नाटकं. तुम्ही दोन हजार शब्दांची कथा पाच समान टप्प्यांत कापली तर ओळख करून देण्यातच चारशे शब्द जातात. नाटकात प्रेक्षक तेवढा वेळ बसून राहतो. कथेचा वाचक पान उलटून मोकळा होतो. म्हणून हा आलेख कथेसाठी वापरताना पहिला टप्पा जवळजवळ पुसून टाका आणि उतार दोन-चार वाक्यांवर आणा.

भिंतीवरच्या बंदुकीचा नियम, म्हणजे दाखवलेली बंदूक उडालीच पाहिजे, हा रशियन लेखक अंतोन चेखव यांच्या नावावर आहे, आणि १८८९ सालच्या त्यांच्या पत्रात तो येतो तो रंगमंचाच्या संदर्भात. कथेत त्याचा उपयोग लिहिताना कमी आणि तपासताना जास्त होतो. मसुदा पूर्ण झाला की ज्या-ज्या वस्तूला एकापेक्षा जास्त वाक्यं मिळाली आहेत तिची यादी करा. प्रत्येक वस्तू पुढे पुन्हा आली पाहिजे, किंवा तिच्यामुळे माणूस कळला पाहिजे. दोन्ही होत नसेल तर तिची वाक्यं काढा.

सपाट (एकाच गुणाभोवती उभी) आणि गोलाकार (अनेक बाजू असलेली) पात्रांची विभागणी इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली कादंबरीवरच्या व्याख्यानांत केली. कादंबरीत पात्राला फिरून बघायला चारशे पानं असतात. कथेत एका, फार तर दोन माणसांना सगळ्या बाजू असू शकतात. बाकीच्यांना सपाट राहू द्या. दारात येऊन पाकीट देऊन जाणाऱ्या माणसाचं बालपण आम्हाला नको आहे. अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांचं हिमनगाचं सूत्र, म्हणजे आठातला एकच भाग पाण्यावर दिसू द्यायचा आणि बाकीचं न सांगता खाली ठेवायचं, हे १९३२ सालच्या बैलांच्या झुंजींवरच्या पुस्तकात आहे. नवखे लेखक त्याचा आधार घेऊन बरंच काही गाळतात. पण ठाऊक असलेलं गाळणं वेगळं आणि ठरवलेलंच नसणं वेगळं. तुमच्या कथेतला नवरा घर सोडून का गेला हे वाचकाला नाही कळलं तरी चालेल. ते तुम्हाला ठाऊक नसेल तर मात्र बायकोच्या प्रत्येक संवादात पोकळी ऐकू येते. म्हणून गाळलेली माहिती आधी वहीत लिहून काढा, अर्धं पान तरी.

या सगळ्यांत थेट कथेविषयी बोललेला माणूस म्हणजे अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो. १८४२ साली नॅथॅनिअल हॉथॉर्न यांच्या कथासंग्रहाचं परीक्षण करताना त्यांनी म्हटलं की कथा एका बैठकीत, अर्ध्या ते दोन तासांत वाचून व्हावी आणि तिच्यातलं सगळं एकाच परिणामाच्या कामी यावं. हे आजही वापरता येतं. पहिला मसुदा झाल्यावर एका चिठ्ठीवर लिहा: वाचून झाल्यावर वाचकाच्या मनात काय उरावं? एकच ओळ. ती चिठ्ठी समोर ठेवून प्रत्येक परिच्छेदाला विचारा की तू यासाठी काय करतोस.

छापील कथा उसवून बघणं

पुस्तकातलं कुठलंही प्रकरण जे शिकवू शकत नाही ते इथे मिळतं, म्हणून या भागाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. आवडलेली, दोन ते अडीच हजार शब्दांची एक कथा निवडा. न आवडलेली नको. आवडलेल्या कथेचीच जादू कशी झाली हे शोधायचं आहे.

पहिलं वाचन नुसतं वाचक म्हणून. दुसऱ्या वाचनात परिच्छेदांना आकडे द्या आणि प्रसंग जिथे बदलतो तिथे आडवी रेघ मारा. तिसऱ्या वाचनात प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ लिहा: कुठे, केव्हा, कोण-कोण हजर, किती शब्द, आणि प्रसंगाच्या शेवटी सुरुवातीपेक्षा काय वेगळं झालं. शेवटचा रकाना भरताना अडाल. अडलात तर उत्तर कृतीत शोधू नका, कळण्यात शोधा. बऱ्याच प्रसंगांत घडत काहीच नाही, पण एका माणसाला दुसऱ्याविषयी काहीतरी उमगतं, किंवा फक्त वाचकाला उमगतं.

मग मोजा. पहिली अडचण कितव्या शब्दावर डोकावली? बहुतेक चांगल्या छोट्या कथांत ती पहिल्या दोन-अडीचशे शब्दांत येते, कधी पहिल्याच वाक्यात. कथेतला एकूण काळ किती आहे, एक दुपार की वीस वर्षं? वीस वर्षं असतील तर मधली वर्षं कुठल्या वाक्यात ओलांडली आहेत? ते वाक्य वहीत उतरवून घ्या. संवादाच्या ओळी किती आणि निवेदनाच्या किती? मुख्य पात्राचं वर्णन नेमक्या किती शब्दांत आहे? हे आकडे बघून नवख्याला धक्का बसतो. ज्या माणसाचा चेहरा आपल्याला स्पष्ट दिसला त्याच्या रूपाविषयी अख्ख्या कथेत दहा-बारा शब्दसुद्धा नसतात.

यानंतर कथेचे पहिले तीनशे शब्द हाताने उतरवून काढा. टंकू नका, लिहाच. हात सावकाश चालतो, म्हणून वाक्य कुठे तुटलं, क्रियापद कुठे आलं, लेखकाने परिच्छेद का मोडला हे बोटांना कळतं. शेवटी कथा बाजूला ठेवून तिचा सांगाडा आठवणीतून लिहा आणि मूळ कथेशी ताडून बघा. जे विसरलात ते बहुतेक वेळा जोडकाम असतं. लेखकाने ते इतकं बेमालूम केलेलं असतं की ते जाणवलंच नाही. त्याच सांगाड्यावर वेगळी माणसं, वेगळी जागा घेऊन हजारभर शब्द लिहिणं हाही उत्तम सराव आहे, पण तो वहीतच राहू द्या.

आठवड्याला एक अशा पाच कथा उसवा.

इंग्रजी पुस्तकातले नियम मराठीत आणताना

हाती येणारी बरीच पुस्तकं इंग्रजीत किंवा इंग्रजीवरून लिहिलेली असतात. त्यातले वाक्यरचनेचे नियम मराठीवर जसेच्या तसे लावले की भाषा अवघडते.

कर्मणी प्रयोग टाळा, असं ती पुस्तकं बजावतात. मराठीत ‘तिने पत्र वाचलं’ हाच कर्मणी प्रयोग आहे आणि सकर्मक क्रियापदाचा साधा भूतकाळ बहुतेक वेळा त्याशिवाय लिहिताच येत नाही. टाळायचं ते ‘पत्र वाचण्यात आलं’, ‘दार उघडण्यात आलं’ हे कचेरीतलं मराठी.

क्रियाविशेषणं खोडा, हा दुसरा नियम. ‘तो रागाने म्हणाला’ यातला ‘रागाने’ खोडाच, राग संवादात दिसू दे. पण झटकन, मुकाट्याने, टकमका यांना सरसकट हात लावू नका. त्यांच्यात आवाज आणि चित्र दोन्ही आहे. शिवाय मराठीत हे काम दुसऱ्या क्रियापदालाही करता येतं. ‘ती रडली’, ‘ती रडत राहिली’ आणि ‘तिने रडून घेतलं’ ही तीन वेगवेगळी माणसं आहेत. तिसरीला कुणीतरी येण्याच्या आत आटपायचं होतं. अशी जोडी सापडली की क्रियाविशेषण आपोआप गळतं.

संवादामागे ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ किती वेळा लावायचं याबद्दल पुस्तकात पानंच्या पानं असतात. मराठीत मात्र हे बघा:

‘केव्हा आलास?’

‘मगाशीच आलो.’

‘आणि हाक मारली नाहीस?’

‘झोपली होतीस.’

चार ओळींत कुणाचंही नाव नाही, तरी कोण पुरुष, कोण बाई, कोण कुणाला काय विचारतंय सगळं स्पष्ट आहे. क्रियापदाचा शेवट ते काम करतो. आता पहिल्या ओळीत फक्त ‘केव्हा आलात?’ करून वाचा. दोघांमधलं अंतर एकदम बदलतं. तू, तुम्ही, अहो, अगं या संबोधनांना कथेत मोठी किंमत आहे. एखादं पात्र प्रसंगाच्या मध्यात तुम्हीवरून तूवर येतं, तेव्हा वेगळं भांडण दाखवावं लागत नाही. म्हणून लिहायला बसण्याआधी कोण कुणाला काय म्हणतं याचा छोटा तक्ता करा आणि चुकून नव्हे, ठरवूनच तो मोडा.

‘आपण’ हे सर्वनामही असंच. ‘ती जिन्यावर थांबली. आपण कुलूप लावलं होतं ना?’ यात ‘तिला वाटलं की’ कुठेही न लिहिता वाचक तिच्या डोक्यात शिरला. तृतीयपुरुषी निवेदनात मनाच्या जवळ जायचा हा मराठीचा आपला रस्ता आहे, तो वापरा.

आणखी दोन गोष्टी फक्त मराठी हस्तलिखितांत दिसतात. एक, पानभर ‘यायचा, बसायचा, म्हणायचा’ चालू राहतं. हा रोजच्या सवयीचा काळ आहे; त्यात प्रसंग सुरूच होत नाही. कच्च्या मसुद्यात ‘-यचा, -यची, -त असे’ या रूपांखाली रेघा मारा. पहिल्या पानावर पाचसहापेक्षा जास्त सापडल्या तर कथा अजून उंबरठ्यावरच आहे. ‘त्या दिवशी’ म्हणून आत शिरा. दुसरी, ‘केलं’ आणि ‘केले’ यांची सरमिसळ. निवेदन बोलीच्या अंगाने लिहायचं की ग्रांथिक ते पहिल्या ओळीला ठरवा आणि शेवटच्या ओळीपर्यंत तेच ठेवा. संवाद बोलीत आणि निवेदन ग्रांथिक असं चालतं, पण निवेदनातच दोन्ही आली की वाचक अडखळतो आणि का अडखळला ते त्यालाही सांगता येत नाही.

पहिली कथा

आठेक आठवडे असे गेले की पहिली पूर्ण कथा घ्या. मर्यादा कडक ठेवा: पंधराशे ते दोन हजार शब्द, दोन मुख्य माणसं, एक किंवा दोन जागा, एका दिवसाच्या आतला काळ, आणि एकाच माणसाच्या बाजूने निवेदन. या मर्यादांमुळे कथा लहान होत नाही. चूक झाली तर ती कुठे झाली हे सापडतं, एवढाच त्यांचा उद्देश.

सुरुवात या वाक्यातल्या रिकाम्या जागा भरून करा: ‘अमुकला अमुक हवं आहे, पण अमुक आड येतंय, आणि अमुक वेळेपर्यंतच सवड आहे.’ ‘हवं आहे’च्या जागी सुख, प्रेम, न्याय असले शब्द घालू नका. हातात धरता येईल किंवा तोंडाने मागता येईल असं काहीतरी घाला: एक सही, एक किल्ली, माफीचा एक शब्द, आज रात्रीपुरती झोपायची जागा. मोठं दुःख त्या छोट्या वस्तूमागे आपोआप येऊन उभं राहतं.

मग तीन ते पाच प्रसंगांची यादी. प्रत्येकापुढे, प्रसंग संपताना काय बदललेलं असेल ते एका ओळीत. ज्या प्रसंगापुढे ओळ येत नाही तो लिहूच नका.

मसुदा चारशे-पाचशे शब्दांच्या चार-पाच बैठकांत संपवा, शक्यतो एका आठवड्यात. मागे जाऊन दुरुस्त्या करू नका. नाव बदलावंसं वाटलं तर बदला आणि तसंच पुढे जा. मागचं नंतर सावरता येतं. अर्धवट सुटलेल्या कथांमध्ये बहुतेक अशा असतात ज्यांचं पहिलं पान दहा वेळा लिहिलं गेलं आणि शेवटचं एकदाही नाही. रोज बैठक संपवताना वाक्य पुरं न करता उठा. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुरं करून आत शिरता येतं.

मसुदा संपला की दोन आठवडे बाजूला ठेवा. त्या दिवसांत दुसरी कथा उसवा, पण या कागदांना हात नको. लिहिताना डोक्यात जे होतं ते विसरल्याशिवाय कागदावर काय आलंय ते दिसत नाही.

पुनर्लेखनाचा क्रम महत्त्वाचा आहे आणि तो हमखास उलटा होतो. लोक आधी शुद्धलेखन तपासतात, मग वाक्यं घोटतात, आणि एवढी मेहनत घेतलेला परिच्छेद कथेला नकोच आहे हे कळल्यावर तो काढायला जीव धजत नाही. म्हणून मोठ्याकडून छोट्याकडे या. पहिल्या फेरीत फक्त प्रसंग: कुठला गाळायचा, कुठला पुढे-मागे करायचा. दुसऱ्या फेरीत फक्त दृष्टिकोन. निवेदन नंदाच्या बाजूने असेल तर ‘भावाला तिची दया आली’ हे तिला कसं कळलं? त्याने काय केलं ते लिहा, ती दया आहे असं तिला वाटू दे किंवा न वाटू दे. तिसऱ्या फेरीत संवाद मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडते तिथे वाक्य लांब आहे. दोन माणसं एकमेकांना आधीच ठाऊक असलेली माहिती सांगत असतील (‘ताई, आपले वडील पाच वर्षांपूर्वी वारले ना?’), तर ती माहिती निवेदनात हलवा किंवा सोडून द्या. चौथ्या फेरीत शब्द. शुद्धलेखन सगळ्यांत शेवटी.

दोन जागा जास्त वेळ मागतात. एक, आरंभ. पहिले दोन परिच्छेद हाताने झाकून तिसऱ्यापासून वाचा. अनेकदा कथा तिथेच सुरू होते. आधीचं म्हणजे हवामान, जाग येणं, घराचं वर्णन, लेखकाने घसा साफ केलेला. दुसरी, शेवट. शेवटची पाच वाक्यं एकेक करून खालून झाकत या आणि प्रत्येक वेळी वाचा. नवख्याच्या मसुद्यात कथा बहुधा दोन-तीन वाक्यं आधीच संपलेली असते. उरलेल्यांत लेखक तिचा अर्थ समजावत असतो. नंदाच्या उताऱ्याला ‘आठवणी अशा पुसता येत नाहीत हे तिला त्या दिवशी कळलं’ असं वाक्य जोडून बघा, म्हणजे चष्मा कसा हातातून निसटतो ते दिसेल. आणि शेवटच्या ओळीत ‘ते सगळं स्वप्न होतं’ किंवा ‘तो तर केव्हाच मेला होता’ असा धक्का द्यायचा मोह होत असेल, तर एक कसोटी लावा: शेवट ठाऊक असताना कथा दुसऱ्यांदा वाचली तर ती पहिल्यापेक्षा जास्त दिसते का? दिसत नसेल तर धक्का काढा.

सगळ्या फेऱ्या मिळून मसुदा दहा ते वीस टक्क्यांनी आटला पाहिजे. दोन हजारांचे सोळाशे झाले तर घाबरू नका. वाढला असेल तर बहुतेक तुम्ही समजावायला लागला आहात.

वाचायला देताना

मसुदा दोन किंवा तीन जणांना द्या, दहा जणांना नको. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. त्याला ‘छान’ एवढंच उत्तर येतं. तीन प्रश्न द्या. कुठे कंटाळा आला? कुठे गोंधळ झाला? शेवटी नक्की काय घडलं असं वाटतं? तिसऱ्याचं उत्तर तुमच्या मनातल्यापेक्षा वेगळं आलं तर वाचकाला समजावू नका, वहीत लिहून घ्या. एकाच जागी दोघं अडखळले तर दुरुस्ती तिथे हवी आहे. ती कशी करायची याबद्दल त्यांनी सुचवलेला उपाय मात्र बऱ्याचदा चुकीचा असतो. दुखतं कुठे ते वाचकाला बरोबर कळतं, का दुखतं ते शोधणं तुमचं काम. आणि शेवट कळला नाही अशी तक्रार आली तर तिची दुरुस्ती सहसा शेवटी नसते. दुसऱ्या-तिसऱ्या प्रसंगात एक वाक्य कमी पडलेलं असतं.

पहिली कथा बाजूला ठेवून दुसरी घ्या आणि मर्यादांपैकी फक्त एक बदला: काळ एका दिवसाचा एक वर्ष करा, किंवा तिसरं पात्र आणा, किंवा निवेदन ‘मी’ने करा. तिसऱ्या कथेत आणखी एक. तीन कथा पूर्ण झाल्यावर तेच पहिलं पुस्तक पुन्हा काढा आणि या वेळी अनुक्रमे न वाचता, ज्या अडचणीत सापडलात तेवढंच प्रकरण वाचा. पहिल्या वाचनात अधोरेखित केलेल्या ओळींपैकी बऱ्याच आता नुसत्या सुंदर वाटतील, आणि जिच्यावरून डोळा सहज पुढे गेला होता अशी एखादी कोरडी सूचना, ‘प्रसंगाच्या सुरुवातीला कोण कुठे उभं आहे ते सांगा’ अशी, थेट तुमच्या तिसऱ्या कथेच्या दुसऱ्या पानाला जाऊन लागेल. तिच्याखाली रेघ मारा आणि ते पान त्याच बैठकीत पुन्हा लिहायला घ्या.